ऑलिंपियात एखादं विधेयक कसं लावून धरायचं : कैदी, सैनिक आणि क्वेकरांची रीत

अमेरिकेतल्या मराठी घरांत राजकारणाच्या गप्पा रंगतात त्या व्हाइट हाउस, व्हिसा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या. आपल्या राज्याच्या कायदेमंडळाचं नावही निघत नाही. पण या देशातले बहुतांश कैदी केंद्राच्या नव्हे, राज्यांच्या तुरुंगांत असतात. शिक्षा किती, आत शिकायला मिळणार की नाही, सुटून आल्यावर डोक्यावर किती दंड उरणार, हे सगळं राज्याचे आमदार ठरवतात. नॅशनल गार्डमधल्या (राज्यांच्या राखीव सैन्यातल्या) जवानांचंही बरंचसं तसंच.

हा लेख वॉशिंग्टन राज्यापुरता आहे (डी.सी. नव्हे). सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेल या पट्ट्यात मराठी वस्ती चांगलीच आहे आणि राजधानी ऑलिंपिया गाडीने तास-दीड तासावर. कैद्यांचं पुनर्वसन आणि सैनिकांचं आरोग्य या विषयांवर कायदा व्हावा असं कुणाला मनापासून वाटत असेल, तर काय करायचं, कुठे अडतं आणि कुठे हेलपाटे वाचतात, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. रीत मात्र क्वेकरांची घेतली आहे, आणि तीच का, ते आधी सांगतो.

क्वेकर, म्हणजे रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स, हा १७ व्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला ख्रिस्ती पंथ. त्यांच्यातले बरेच जण रविवारी एकत्र येऊन नुसते शांत बसतात. पुरोहित नाही, प्रवचन नाही, कुणाला आतून काही सुचलं तर तो उठून बोलतो. युद्धाला त्यांचा तत्त्वतः विरोध. १९४७ चं शांततेचं नोबेल अमेरिका आणि ब्रिटनमधल्या त्यांच्या सेवासंस्थांना मिळालं. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये १९५० च्या दशकात काम करणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकरच होत्या, त्यामुळे वर्ध्याकडच्या जुन्या मंडळींना हे नाव अगदीच परकं नसावं. कायद्यासाठी आमदार-खासदारांच्या मागे लागणं हा त्यांचा जुना उद्योग. इंग्लंडच्या एलिझाबेथ फ्राय यांनी न्यूगेट तुरुंगातल्या बायकांमध्ये काम केलं आणि १८१८ मध्ये थेट संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. अमेरिकेत केंद्राच्या पातळीवर १९४३ पासून त्यांची फ्रेंड्स कमिटी ऑन नॅशनल लेजिस्लेशन आहे. वॉशिंग्टन राज्यात हेच काम क्वेकर व्हॉइस ऑन वॉशिंग्टन पब्लिक पॉलिसी हा गट करतो.

संख्येने ही माणसं मूठभर. तरी त्यांचं ऐकलं जातं, त्याचं कारण माझ्या मते सरळ आहे: विषय थोडे धरतात, वर्षानुवर्षं सोडत नाहीत, आणि विरोधात मत देणाऱ्याशी बोलणं तोडत नाहीत. बाकीचं तंत्र कुणालाही शिकता येतं. या तीन गोष्टींनाच माणसं कंटाळतात.

पहिली पायरी : विषय ठरवा, आणि मतदान न घेता ठरवा

हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरात करायचं. क्वेकरांच्या बैठकीत हात वर करून मतं मोजत नाहीत. बैठकीचा क्लर्क, म्हणजे बैठक चालवणारा, सगळ्यांचं ऐकतो, मधेच सगळे गप्प बसतात, आणि शेवटी "बैठकीचा कल असा दिसतो" म्हणून तो एक ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो. कुणाला पटलं नसेल तर तो तसं सांगतो. कधी बाजूला होतो, कधी सगळा विषयच पुढच्या महिन्यावर जातो. आपल्या मंडळांच्या सभा आठवून हे अशक्य वाटेल. पण पाच-सहा जणांच्या गटात करून बघा. बहुमताने ठरवलेल्या विषयात हरलेले दोघं फेब्रुवारीत फोन उचलत नाहीत. सगळ्यांना पटवून घेतलेल्या विषयात उचलतात.

ठरवताना तीन प्रश्न विचारा. हा विषय खरोखर राज्याच्या हातात आहे का? ज्यांच्यासाठी कायदा मागतो आहोत त्यांनी तो मागितला आहे का? आणि यंदा पडला तर पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी आपण उभे राहणार का?

दुसरा प्रश्न क्वेकरांना स्वतःच्या इतिहासाने शिकवला आहे. फिलाडेल्फियात १७८७ साली तुरुंगसुधारणेसाठी जी संस्था निघाली तिच्यात क्वेकर पुढे होते. कैद्याला फटके आणि फाशीऐवजी एकांत दिला, हातात बायबल दिलं, तर तो अंतर्मुख होऊन सुधारेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. १८२९ मध्ये तिथे ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी उघडली, प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, कुणाशी बोलणं नाही. माणसं सुधारण्याऐवजी खचली, काहींची डोकी फिरली. आज त्याच पंथाची माणसं एकांतवासाच्या कोठड्या बंद करा म्हणून अमेरिकेतल्या राज्याराज्यांत लढत असतात. हेतू कितीही चांगला असो, आत बसलेल्याला विचारल्याशिवाय त्याच्या भल्याचा कायदा लिहू नये. विचारणं कठीण नाही. कैद्यांशी पत्रव्यवहार करता येतो, आणि सुटून आलेल्यांच्या संस्था सिएटल-टकोमा भागात आहेत. गुन्ह्याची झळ बसलेल्या कुटुंबांशीही बोला. समितीत विरोध आला तर तिथूनही येतो, आणि त्यांचं म्हणणं तुम्ही पहिल्यांदा सुनावणीतच ऐकलंत तर उशीर झालेला असतो.

पहिल्या प्रश्नावर सैनिकांच्या आरोग्याच्या बाबतीत हमखास गोंधळ होतो. माजी सैनिकांची रुग्णालयं, अपंगत्वाचा भत्ता, २०२२ चा पॅक्ट अ‍ॅक्ट (इराक-अफगाणिस्तानात उघड्यावर कचरा जाळायचे, त्या धुराने आजारी पडलेल्यांसाठी) हे सगळं केंद्राचं. त्यासाठी ऑलिंपियात जाऊन उपयोग नाही. राज्याच्या हातात काय येतं? एक, नॅशनल गार्ड: केंद्राने बोलावून घेतलं नसेल तेव्हा ते राज्यपालांच्या हुकमात असतं. इराक युद्धाच्या काळात, २००५ मध्ये, कनेक्टिकट आणि लुइझियाना या राज्यांनी परत आलेल्या जवानांना क्षीण युरेनियमची (रणगाडाभेदी गोळ्यांत वापरतात तो किंचित किरणोत्सारी धातू) तपासणी मागण्याचा हक्क कायद्याने दिला, तो याच वाटेने. दोन, राज्याच्या व्हेटरन्स विभागाची समुपदेशन सेवा, आणि रेटसिल, ऑर्टिंग, स्पोकेन व वॉला वॉला इथली माजी सैनिकांची निवासगृहं. तीन, प्रत्येक काउंटीचा व्हेटरन्स असिस्टन्स फंड, ज्याचे नियम राज्याच्या कायद्यात आहेत. चार, न्यायालयं आणि तुरुंग.

हे चौथं जरा नीट बघा, कारण कैदी आणि सैनिक हे दोन विषय इथे एकाच माणसात भेटतात. केंद्राच्या २०१६ च्या सर्वेक्षणात राज्यांच्या तुरुंगांतले सुमारे ८ टक्के कैदी माजी सैनिक निघाले. असा माणूस गंभीर गुन्ह्यात तुरुंगात गेला की ६१ व्या दिवसापासून त्याचा अपंगत्वाचा भत्ता कापला जातो. २० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्याला १० टक्के अपंगत्वाला मिळतो तेवढाच मिळतो. कापलेल्या रकमेतला वाटा कुटुंबाला मागता येतो, पण अर्ज करावा लागतो आणि घरच्यांना ते बऱ्याचदा ठाऊकच नसतं. शिवाय तुरुंगात असेपर्यंत त्याच्या औषधोपचाराची जबाबदारी केंद्राची रुग्णालयं घेत नाहीत, ती तुरुंग चालवणाऱ्या राज्याची. म्हणजे युद्ध केंद्राचं, जखम युद्धाची, आणि बिल ऑलिंपियाचं. युद्ध न मानणारे क्वेकर सैनिकांसाठी का बोलतात, असं कुणी विचारलं तर हेच दाखवावं. युद्धाला नकार देणाऱ्याने युद्धाच्या खर्चाचा हिशेब मांडला की लष्करी घरांतली माणसंही मान डोलावतात.

दुसरी पायरी : आपले तीन आमदार

राज्यात ४९ मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी. म्हणजे सिनेट ४९ आणि हाउस ९८. कायदेमंडळाच्या संकेतस्थळावर घरचा पत्ता टाकला की तिन्ही नावं येतात. त्यांच्यापैकी कोण कुठल्या समितीवर आहे ते टिपून ठेवा. तुरुंगाची विधेयकं हाउसमध्ये सामुदायिक सुरक्षेच्या (कम्युनिटी सेफ्टी) आणि सिनेटमध्ये मानवसेवांच्या समितीकडे जातात. समित्यांची नावं दर दोन-चार वर्षांनी बदलतात, त्यामुळे जुन्या कागदावर विसंबू नका. तुमच्यापैकी एकही त्या समितीवर नसेल तरी बिघडत नाही, कारण शेवटी मत सगळेच देतात. पण दुसऱ्या मतदारसंघात राहणारा एखादा मित्र गटात असेल तर त्याचं वजन अचानक वाढतं.

तिसरी पायरी : विधेयक वाचायचं कसं

हाउसची विधेयकं १००० पासून आणि सिनेटची ५००० पासून क्रमांक घेतात. क्रमांकाआधी अक्षरांची माळ असते, ती विधेयकाची जन्मपत्रिकाच. उदाहरण घेऊ: ई-टू-एस-एच-बी १७८३. एच-बी म्हणजे हाउसचं विधेयक. टू-एस म्हणजे समित्यांनी दोनदा मूळ मसुदा बाजूला ठेवून नवा घातला. ई म्हणजे सभागृहात उभ्या उभ्या आणखी दुरुस्त्या होऊन ते पक्कं झालं. तुम्ही जो मसुदा वाचून खूश झालात तो यातला कितवा, हे बघितल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

हे १७८३ मुद्दाम निवडलं. वॉशिंग्टनमध्ये गुन्हेगाराला शिक्षेबरोबर न्यायालयाचे शुल्क, दंड, भरपाई अशी रक्कम भरावी लागते आणि तिच्यावर पूर्वी वर्षाला १२ टक्के व्याज चढायचं. आत असतानाही चढायचं, म्हणजे जिथे कमाई जवळपास शून्य तिथेही. माणूस सुटून यायचा तो मुद्दलाइतक्या व्याजाखाली दबूनच. याच विषयावरचं आधीचं विधेयक पार पडलं नव्हतं. १७८३ हे २०१७ मध्ये आलं, त्या वर्षी अडकलं, आणि २०१८ मध्ये मंजूर झालं. ७ जून २०१८ पासून भरपाई सोडून बाकीच्या रकमांवर व्याज लागणं थांबलं. पीडितांच्या भरपाईवरचं व्याज मात्र तेव्हा राहिलं. ज्यांना सगळंच हवं होतं ते नाराज झाले असणार. पण त्या तडजोडीवाचून ते पुढे सरकलं असतं असं मला वाटत नाही.

विधेयकाच्या पानावर मसुद्याबरोबर तीन गोष्टी असतात. बिल रिपोर्ट: पक्षनिरपेक्ष कर्मचाऱ्यांनी साध्या भाषेत लिहिलेला सारांश, सुनावणीत कोण काय बोललं त्यासह. आधी हाच वाचा. दुसरी, फिस्कल नोट: खर्च किती. शिक्षा कमी-जास्त करणारं विधेयक असेल तर तुरुंगातल्या खाटा किती वाढतील-घटतील याचा अंदाज केसलोड फोरकास्ट कौन्सिल देते, तो इथे सापडतो. तिसरी, मागच्या मतदानांची नोंद. आणि एक कागद पानाबाहेरचा: राज्याने १९८३ मध्ये स्थापन केलेल्या वॉशिंग्टन स्टेट इन्स्टिट्यूट फॉर पब्लिक पॉलिसीचे अहवाल. तुरुंगातलं शिक्षण, व्यसनमुक्ती, कौशल्य-प्रशिक्षण अशा कार्यक्रमांवर एक डॉलर घातला तर किती परत येतो, याचा हिशेब ही संस्था मांडते. दोन्ही पक्षांचे आमदार तिचे आकडे मानतात. बाहेरच्या संस्थेचे दहा अहवाल जोडण्यापेक्षा हिचा एक आकडा पुरतो.

चौथी पायरी : अधिवेशनाआधीची भेट

अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं; विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी ६०. त्या काळात आमदाराला जेवायला फुरसत नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोच आमदार आपल्या गावातल्या कॉफीच्या दुकानात अर्धा तास शांतपणे बसतो. भेट मागायची ती त्याच्या सहायकाकडे, ज्याला सगळे एल.ए. म्हणतात. या माणसाला कमी लेखू नका. आमदाराच्या टेबलावर कुठला कागद वर राहणार हे तोच ठरवतो. मेलमध्ये चार ओळी पुरतात: मी तुमच्या मतदारसंघात अमुक गावी राहतो, आम्ही तिघं-चौघं येऊ, विषय हा, वेळ वीस मिनिटं.

भेटीत सगळ्यांनी बोलायचं नाही. एकाने विषय मांडावा, एकाने ओळखीतला अनुभव सांगावा, एकाने मागणी करावी, एकाने टिपणं घ्यावीत. आणि मागणी पहिल्या पाच मिनिटांतच. आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय फार. हवापाणी, मुलांची शाळा, भारतात कधी जाणार, आणि निघताना दारात उभं राहून "एक छोटंसं काम होतं". इथे त्याचा तोटाच होतो. "या विधेयकाचे सहप्रायोजक व्हाल का?" असं स्पष्ट विचारा. उत्तर नाही आलं तर दुसरा प्रश्न, आणि हाच खास क्वेकर: "तुमची यातली काळजी काय आहे?" मग गप्प बसा. मौन सहन होत नाही म्हणून आपणच बोलायला लागतो आणि ती काळजी ऐकायची राहून जाते. ती कळली की कदाचित एका शब्दाच्या दुरुस्तीने काम होतं.

विरोधी पक्षाच्या आमदाराला टाळू नका. तुरुंगसुधारणेत खर्च वाचतो हा मुद्दा एकाला भावतो, माणसाला दुसरी संधी हा दुसऱ्याला, माजी सैनिकाचा मान हा तिसऱ्याला. मुद्दा निवडा, सत्य बदलू नका. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळतंच. संध्याकाळी आभाराचं पत्र पाठवा आणि विचारलेली माहिती त्याबरोबर जोडा. मिठाईचा डबा नेऊ नका. भेटवस्तूंवर कायद्याने मर्यादा आहे, आणि त्या बिचाऱ्या एल.ए.ला काजूकतलीची किंमत शोधत बसावं लागतं.

पाचवी पायरी : सुनावणी

विधेयकाचं भवितव्य आधी समितीच्या अध्यक्षाच्या हातात. त्याने सुनावणी ठेवलीच नाही तर विषय संपला. म्हणून जानेवारीतलं पहिलं पत्र अध्यक्षाला, "कृपया सुनावणी द्यावी" एवढंच मागणारं. सुनावणीची सूचना कधी कधी जेमतेम दोन-चार दिवस आधी लागते, तेव्हा विधेयकाच्या पानावर मेलची नोंदणी करून ठेवा.

बोलण्यासाठी ऑलिंपियाला जावंच लागतं असं नाही. संकेतस्थळावर समिती, दिवस आणि विधेयक निवडलं की तीन पर्याय दिसतात: साक्ष द्यायची (प्रत्यक्ष किंवा झूमवरून), फक्त बाजू नोंदवायची, किंवा लेखी म्हणणं द्यायचं. पहिल्या दोन्हींसाठी सुनावणी सुरू होण्याच्या तासभर आधीपर्यंत नाव नोंदवावं लागतं. लेखी म्हणणं सुनावणी सुरू झाल्यापासून २४ तासांपर्यंत चालतं. बाजू तीन: प्रो (पाठिंबा), कॉन (विरोध), अदर (इतर). "दुरुस्ती केली तर पाठिंबा" असेल तर अदर. झूममुळे एक मोठा बदल झाला, तो म्हणजे तुरुंगातले कैदीही साक्ष देऊ शकतात. गटातल्या तिघांना वेळ मिळणार असेल तर एक जागा त्यांच्यासाठी सोडा.

वेळ मिळते एक किंवा दोन मिनिटं. साक्ष इंग्रजीत द्यायची असली तरी आधी मराठीत लिहून बघा. आपल्याला नक्की काय म्हणायचं आहे ते आपल्या भाषेत लपत नाही. समजा विधेयक असं आहे: शेल्टनच्या तुरुंगात, जिथे राज्यातले पुरुष कैदी पहिल्यांदा दाखल होतात, तिथे प्रत्येकाला सैन्यातल्या नोकरीबद्दल विचारावं, हो म्हणाला तर मेंदूची इजा आणि युद्धाचा मानसिक आघात यांची तपासणी व्हावी, आणि घरच्यांना भत्त्याच्या वाट्याचा अर्ज दाखवावा. हे विधेयक कल्पित आहे, साक्षीचा नमुना मात्र वापरता येईल:

"अध्यक्ष आणि समितीचे सदस्य, नोंदीसाठी माझं नाव अमुक. मी बॉथेलला, पहिल्या मतदारसंघात राहते आणि या विधेयकाला माझा पाठिंबा आहे. माझ्या घरात कुणी सैनिक नाही, कुणी तुरुंगात नाही. मी करदाती म्हणून आले आहे. सैनिक तुरुंगात गेला की त्याच्या उपचाराची जबाबदारी केंद्राकडून राज्याकडे येते, आणि ६१ व्या दिवशी त्याचा भत्ता कापला जातो. त्याची मुलं या भत्त्यातला वाटा मागू शकतात, पण हे त्यांना कुणी सांगत नाही. हे विधेयक दाखल होण्याच्या दिवशी एक प्रश्न विचारायला आणि एक अर्ज हातात द्यायला सांगतं. कलम २ मध्ये 'शक्य असल्यास' हे शब्द आहेत, ते काढावेत अशी विनंती. धन्यवाद. प्रश्न असतील तर सांगा."

एवढंच. मिनिटभरातच संपतं. आधी कुणी तेच बोलून गेलं असेल तर "आधीच्या साक्षीशी सहमत" म्हणून फक्त नवा मुद्दा सांगा. अध्यक्ष मनातल्या मनात आभार मानतात. आकडा चुकून चुकीचा सांगितलात तर त्याच दिवशी लेखी दुरुस्ती पाठवा.

सुनावणीत मतदान होत नाही. ते नंतर, एक्झिक्युटिव्ह सेशन नावाच्या बैठकीत होतं, तिथे बाहेरच्यांना बोलता येत नाही. या दोन बैठकांमधले दिवस महत्त्वाचे. सरकारी वकिलांची संघटना, दंड वसूल करणाऱ्या काउंटी क्लर्कांचं कार्यालय, तुरुंग विभाग यांच्यापैकी कुणी हरकत घेतली असेल तर त्यांनाच फोन करून विचारा, काय बदललं तर तुम्ही विरोध मागे घ्याल. बरेच कार्यकर्ते याला शरणागती समजतात. क्वेकर याला कामाचाच भाग समजतात.

सहावी पायरी : घोडं कुठे पेंड खातं

विधेयकं विरोधाने मरण्यापेक्षा वेळेने जास्त मरतात. प्रत्येक टप्प्याला कटऑफची तारीख असते: धोरण समिती, वित्त समिती, मूळ सभागृह, मग दुसऱ्या सभागृहात हीच सगळी शर्यत पुन्हा. या तारखा अधिवेशनाच्या सुरुवातीलाच जाहीर होतात. छापून फ्रिजवर लावा.

खर्च असेल तर विधेयक हाउसच्या अप्रोप्रिएशन्स किंवा सिनेटच्या वेज अँड मीन्स समितीत जातं. पुनर्वसनाच्या चांगल्या कल्पना इथे ढिगाने पडून असतात. तिथे धोरणाची साक्ष पुन्हा देऊ नका. फक्त पैशांवर बोला.

त्यातून सुटलं तर रूल्स कमिटी. तिच्यातले सदस्य आपापल्या पसंतीचं विधेयक 'पुल' करतात, म्हणजे सभागृहाच्या यादीकडे ओढून आणतात. कुणीच ओढलं नाही तर ते तिथेच राहतं, कसलंही मतदान न होता. बाहेरच्यांना हा टप्पा दिसतच नाही, म्हणून फोन इथेच कमी येतात आणि इथेच ते सर्वांत उपयोगी पडतात. सदस्यांची नावं संकेतस्थळावर आहेत. "कृपया अमुक क्रमांक पुल करा" एवढंच सांगायचं. कायदेमंडळाची मोफत हॉटलाइन १-८००-५६२-६००० वर तुमच्या आमदारांसाठी निरोप ठेवता येतो, आणि विधेयकाच्या पानावरूनही मत पाठवता येतं.

सभागृहात हाउसमध्ये ५० आणि सिनेटमध्ये २५ मतं लागतात. मूळ सभागृहाची शेवटची मुदत संध्याकाळी पाचला संपते, पण पाचच्या आत चर्चेला घेतलेलं विधेयक नंतरही चालवता येतं. म्हणून ४ वाजून ५५ मिनिटांनी कुठलं घेतात त्याची सगळ्यांना उत्सुकता. त्याला नावच पडलं आहे, फाइव्ह ओ'क्लॉक बिल. टी.व्ही.डब्ल्यू. या वाहिनीवर हे थेट दिसतं. क्रिकेटइतकं नाही, पण शेवटच्या षटकाचा रंग असतो.

विषम वर्षी अडकलेलं विधेयक सम वर्षी पुन्हा जिवंत होतं, नवीन क्रमांक लागत नाही. सम वर्षी अडकलं की पाटी कोरी.

सातवी पायरी : सहीनंतर

दोन्ही सभागृहांनी एकच मसुदा मंजूर केला की विधेयक राज्यपालांकडे जातं. अधिवेशन संपल्यानंतर आलेल्या विधेयकासाठी त्यांना रविवार सोडून २० दिवस मिळतात, आणि इथल्या राज्यपालांना विधेयकातली काही कलमं तेवढी गाळण्याचाही अधिकार आहे. म्हणून आनंद साजरा करण्याआधी एक पत्र त्यांना, तुमच्या कलमाचा क्रमांक लिहून. वेगळी तारीख दिली नसेल तर कायदा अधिवेशन संपल्यावर ९० दिवसांनी लागू होतो.

आणि एक खाच, जिच्यात अनुभवी माणसंही पडतात. खर्चाच्या विधेयकांच्या शेवटी बऱ्याचदा एक कलम घातलेलं असतं: ३० जूनपर्यंत अर्थसंकल्पात या कायद्याचा नावानिशी उल्लेख होऊन पैसे ठेवले नाहीत, तर हा कायदा रद्दबातल. म्हणजे दोन्ही सभागृहं जिंकूनही हात रिकामे. तेव्हा विधेयकाइतकंच लक्ष अर्थसंकल्पावर ठेवा. पैसे आले की तुरुंग विभाग नियम लिहायला घेतो. त्यावरही लोकांची मतं मागवतात, आणि तिथे जवळपास कुणीच लिहीत नाही.

व्हिसा, मंडळ आणि नोंदणी

एच-वन-बीवर असलेल्याने आमदाराला पत्र लिहिणं, भेटणं, साक्ष देणं यात काही गैर नाही. तो अधिकार नागरिकत्वाशी बांधलेला नाही. मतदान नागरिकांचंच. निवडणुकीच्या प्रचाराला पैसे मात्र व्हिसावरच्या माणसाने कुठल्याही पातळीवर देऊ नयेत, तो गुन्हा ठरतो; ग्रीन कार्डवाल्याला देता येतात. पगार न घेता स्वतःचं मत मांडणाऱ्याला लॉबिस्ट म्हणून नोंदणीची गरज नसते, पण आमदारांवर खर्च करायला लागलात तर चित्र बदलतं.

महाराष्ट्र मंडळासारख्या करसवलत असलेल्या संस्थेला विधेयकावर थोडंफार काम करता येतं. उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध अजिबात नाही, अगदी गणपतीच्या मंचावरून गमतीनेही नाही. मंडळाच्या लेटरहेडवर पत्र पाठवायचं असेल तर कार्यकारिणीचा ठराव हवा. ठराव होत नसेल तर सरळ व्यक्ती म्हणून सह्या करा, मतदारसंघांसकट. आमदार तसंही आधी मतदारसंघच बघतात.

२०२७ चं १०५ दिवसांचं अधिवेशन ११ जानेवारीला सुरू होतंय. नवीन विधेयकं आधीच्या डिसेंबरपासून दाखल व्हायला लागतील, म्हणजे एल.ए.ला भेटीचा मेल जायला हवा तो ऑक्टोबरात.